हट्टी पिलूं आणि धन्याचा हात

ज्याच्यावर आपली सत्ता चालते त्याची इच्छा मोडावी कीं वळवावी, हा प्रश्न आईबापांस, गुरुजींस व गांवच्या पंचांस नित्य पडतो. तो लहान स्वरूपांत पाहावयाचा असल्यास घरीं आणलेल्या हट्टी कुत्र्याच्या पिलाकडे पाहावें.

खेड्यांत ही अडचण सहसा उठत नसे. कुत्रें अंगणांत पडे, गांवभर हिंडे, आणि माणसांच्या वर्दळींत आपोआप शहाणें होई. पुढें १९७० सालीं सिडको स्थापन झाली. ठाणें व त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गांवांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली. आतां वाशी, नेरूळ, खारघर येथें उंच इमारतींतील दोन खोल्यांत पिलूं वाढतें. पूर्वीं गांव जें शिकवीत असे तें सर्व एकट्या धन्याच्या माथीं आलें आहे. पिलूं चपला कुरतडतें, ताटलीशीं गुरगुरतें, जिन्यांत दोरी ओढतें. शेजारी तक्रार करितात, आणि धनी काठी उचलितो. काठीनें तें गप्प बसतें हें खरें. पण तें शिकलें काय?

ह्याविषयीं विद्वानांनीं बारकाईनें शोध केला आहे. अमेरिकेंत फ्रीडमन, किंग व एलियट ह्यांनीं १९६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पिलें उंच कुंपणाच्या आंत, माणसाच्या सहवासावांचून वाढविलीं. ज्यांस चौदा आठवडे माणसाचा हात लागला नाहीं, तीं फार बुजरीं निघालीं. स्कॉट व फुलर ह्यांच्या १९६५ सालच्या ग्रंथांतही, तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ नातें जुळण्याचा असें दाखविलें आहे. तेव्हां केवळ मारणें हाच अन्याय नव्हे. वेळेवर जवळ न जाणें हाही अन्यायच होय.

आतां शिकविण्याची रीत पाहूं. कुत्र्यास दोन गोष्टींचा संबंध कळतो तो त्या एकामागून एक लागलीच घडल्या तरच. सकाळीं कुरतडलेल्या चपलेबद्दल संध्याकाळीं मार दिला, तर धनी घरीं आला कीं मार बसतो एवढेंच तें शिकतें. म्हणून चपला उचलून ठेवाव्या, चघळावयास दुसरें कांहीं द्यावें, आणि योग्य वर्तन होतांक्षणीं शाबासकी व खाऊ द्यावा. खेळतांना तें चावलें तर खेळ तेथेंच थांबवावा. ताटलीशीं गुरगुरलें तर ताटली हिसकूं नये; दुरूनच तींत एखादा चांगला तुकडा टाकावा, म्हणजे माणूस घ्यावयास नव्हे, द्यावयास येतो असें त्यास उमजेल. गुरगुरण्याबद्दल मारिल्यास राग जात नाहीं, केवळ इशारा जातो. असें कुत्रें पुढें न गुरगुरतां चावतें. लसी पूर्ण होईपर्यंत त्यास कडेवर घेऊन लोकलचा आवाज व रिक्षांची गर्दी दाखवावी, आणि रेबीजची लस गुरांच्या डॉक्टरच्या सल्ल्यानें वेळेवर टोंचून घ्यावी.

कोणी म्हणेल, असें लाड केल्यानें पिलूंच धनी होऊन बसेल. पण प्रीति म्हणजे शिस्तीचा अभाव नव्हे. दोरी हातांतच राहावी. जें आज नाहीं तें उद्यांही नाहींच असावें, आणि घरांतील सर्वांनीं एकच शब्द वापरावा. आज हंसून सोडणें व उद्यां त्याच गोष्टीसाठीं मारणें, ह्यासारखा निर्दयपणा दुसरा नाहीं. १९६० सालच्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानें जनावरास मारहाण करणें हा अपराध ठरविला आहे. तसेंच नेहमीं सांखळीनें बांधलेल्या कुत्र्यास पुरेसें फिरविण्याची हयगय करणें हाही.

शिवाय हट्ट हा निव्वळ दुर्गुण नव्हे. मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ नामक लॅब्रॅडोर कुत्र्यानें १९९३ सालच्या बाँबस्फोटांच्या तपासांत ३,००० किलोंहून अधिक आरडीएक्स शोधण्यास मदत केली. अशा कामास नेटानें वास घेत पुढें जाणारें कुत्रें लागतें. ज्याची इच्छा मोडली आहे तें पावलोपावलीं धन्याच्या हाताकडेच पाहील.

मूल म्हणजे पिलूं नव्हे. त्यास कारण सांगतां येतें व सांगितलें पाहिजे. तथापि एक गोष्ट दोघांस लागू आहे. भीतीस आपला पहारेकरी नेहमीं हजर लागतो. तो गेला कीं तिचा अंमल संपतो. विश्वास मात्र पाठीमागेंही काम करितो. पिलानें आपलें घर निवडलेलें नसतें, तें सोडून जाण्याची सोयही त्यास नसते. म्हणून सहन करण्याचा पहिला भार बळकटावर पडतो, दुबळ्यावर नव्हे. ज्यास हा भार नको असेल त्यानें पिलूं घरीं आणूंच नये. आणि ज्यानें आणलें आहे, त्यानें काठी कोपऱ्यांत ठेवून रोज थोडा वेळ त्याच्याजवळ जमिनीवर बसावें.