धुण्याच्या पैशांचे दान



'दान' हा शब्द उच्चारला की आपल्यातील जुन्या माणसांच्या कपाळाला अजून आठी पडते. त्याला कारण आहे. ग्रहण सुटले की 'दे दान सुटे गिऱ्हाण' अशी आरोळी देत आपले आजे-पणजे टोपल्या घेऊन गावात फिरत. जुने लुगडे, शिळी भाकरी, मूठभर जोंधळे, वरून पडेल ते घ्यायचे. देणारा ओट्यावर आणि घेणारा धुळीत. देणाऱ्याची पीडा टळायची म्हणे, आणि घेणाऱ्याची मान आणखी खाली जायची. ती टोपली आपण टाकून दिली, हे फार बरे केले.

पण टोपलीबरोबर तो शब्दही टाकायचा होता काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली आणि दुसऱ्याच दिवशी, १५ ऑक्टोबरच्या भाषणात, बाबासाहेबांनी लोकांना सांगितले की आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्या. समोर कोण बसले होते? गिरणीतला बदली कामगार, शेतमजूर, पाटी-फावडे घेऊन खडी टाकणाऱ्या बाया. त्यांच्याजवळ होते ते काय? तरीही बाबासाहेबांनी त्यांच्याकडे मागितले. कालपर्यंत ज्यांना फक्त घेणे ठाऊक होते, त्यांना त्यांनी एका दिवसात देणारे मानले. माझ्या मते त्या भाषणातला हा फार मोठा सन्मान होता, आणि आपण त्याच्याकडे वर्गणीची सूचना म्हणून पाहतो.

आज मला अशाच एका देणाऱ्या बाईची आठवण करायची आहे. ती बौद्ध नव्हती. आपल्या देशाचीही नव्हती. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात हॅटिसबर्ग नावाचे गाव आहे, तिथली ती काळ्या वंशाची धुणेवाली. नाव ओसिओला मॅकार्टी. परक्या देशातली बाई विहाराच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील, तर त्याने जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' काढून पाहावी. १८७३ साली जोतीरावांनी ते पुस्तक अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी काळ्यांना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली, त्यांना अर्पण केले आहे. त्या लोकांशी आपले नाते तेव्हापासूनचे आहे.

ओसिओलाबाईंचा जन्म १९०८ सालचा. आजी आणि मावशी यांनी त्यांना वाढविले. घरात धुण्याचाच धंदा. त्या सहावीत असताना मावशी आजारी पडली, तिला चालवेना; तिची सेवा करायला आणि घरच्या धुण्याला हातभार लावायला या मुलीने शाळा सोडली. काही दिवसांसाठी म्हणून सोडली, ती कायमची. आपल्या घराघरांतून हीच गोष्ट घडलेली आहे. शाळेतून मुलगी काढायची झाली तर भांडण होत नाही, रडारड होत नाही. सोमवारी ती येत नाही, एवढेच. मी शिक्षिका आहे. हजेरीपटावर अशी रिकामी सोमवारची घरे मी पाहिली आहेत.

मग पाऊण शतक त्यांनी लोकांचे कपडे धुतले. अंगणात काळ्या हंड्याखाली जाळ करायचा, पांढरे कपडे उकळायचे, खाचांच्या फळीवर घासायचे, पिळायचे, दोरीवर वाळत घालायचे आणि मग इस्त्री. सुरुवातीला एका कुटुंबाच्या कपड्यांच्या गाठोड्याला दीड-दोन डॉलर मिळत. दुसऱ्या महायुद्धानंतर तो दर दहा डॉलरपर्यंत गेला. १९६० नंतरच्या काळात त्यांनी एक धुलाईयंत्र घेऊन पाहिले. यंत्राने धुतलेले कपडे त्यांच्या पसंतीस उतरेनात, म्हणून ते देऊन टाकले आणि पुन्हा फळी जवळ केली. ही गोष्ट मला फार आवडते. लोक त्यांच्या कामाला हलके म्हणत असतील, पण त्या स्वतः म्हणत नव्हत्या. ज्या आर्य अष्टांगिक मार्गाची आपण दर रविवारी उजळणी करतो, त्यात सम्यक आजीविका आहे. त्यांना तो शब्द माहीत नव्हता. दोरीवरच्या पांढऱ्या चादरीत तो दिसत होता.

त्यांनी लग्न केले नाही. मोटार कधी घेतली नाही, जिथे जायचे तिथे पायी. बूट पायाला आखूड झाले तर त्यांचा पुढचा भाग कापायचा आणि तेच वापरायचे. बायबल इतके जीर्ण झाले होते की चिकटपट्टी लावून पाने धरून ठेवलेली. आणि जे उरेल ते बँकेत. थोडे थोडे टाकत राहायचे आणि काढायचे नाही, एवढेच त्यांचे अर्थशास्त्र. आजी गेली, आई गेली, १९६७ साली मावशीही गेली. घरात त्या एकट्या आणि अंगणातला हंडा. १९९४ च्या अखेरीस संधिवाताने बोटे वळेनाशी झाली तेव्हा वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांनी काम थांबविले.

आता या पैशांचे पुढे काय, असा प्रश्न बँकेतल्या माणसांना पडला. मृत्युपत्र कसे करायचे हे या सहावीपर्यंत शिकलेल्या बाईला कसे समजवावे? तिथल्या एका अधिकाऱ्याने युक्ती केली. दहा सेंटची दहा नाणी टेबलावर मांडली आणि सांगितले की प्रत्येक नाणे म्हणजे तुमच्या पैशाचा दहावा हिस्सा. आता तुम्हीच वाटा. बाईंनी एक नाणे आपल्या चर्चसाठी ठेवले. एकेक नाणे तीन नातेवाइकांना. उरलेली सहा नाणी त्यांनी गावातल्या विद्यापीठाकडे सरकवली. ती सहा नाणी म्हणजे दीड लाख डॉलर होते. १९९५ च्या जुलैमध्ये ही बातमी जगाला कळली. ज्यांना परिस्थितीमुळे शिकता येत नाही अशा होतकरू विद्यार्थ्यांना, आणि त्यात काळ्या मुलामुलींना आधी, शिष्यवृत्ती मिळावी अशी ती योजना होती.

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला उपदेश करताना मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन धंद्याला आणि चौथा संकटकाळासाठी राखून. सिगालोवाद सुत्त आपल्या विहारांतून वाचले जाते, पण ते ऐकून किती घरांत नाणी मांडली गेली? लग्नाच्या मांडवाला आणि बँडला आपण कर्ज काढतो, आणि पोरीच्या परीक्षेची फी 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणून ठेवतो. कोणाला राग येईल, पण मी हे माझ्याही घराविषयी बोलते आहे.

तर ते विद्यापीठ. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न मिसिसिपी त्याचे नाव. बाईंच्या तरुणपणी काळ्या माणसाला त्या दारातून विद्यार्थी म्हणून आत जाता येत नव्हते. ते आधी कॉलेज होते. क्लाईड केनार्ड नावाच्या एका काळ्या तरुणाने, जो लष्करात नोकरी करून परतला होता आणि हॅटिसबर्गजवळ कोंबड्या पाळत होता, तिथे प्रवेश मागितला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा मागितला. त्याला प्रवेश मिळाला नाही. मिळाला खटला. २५ डॉलरचे कोंबड्यांचे खाद्य चोरविल्याच्या खोट्या आरोपावरून १९६० साली त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात कर्करोग झाला आणि सुटल्यावर काही महिन्यांतच, ४ जुलै १९६३ रोजी, तो वारला. वय ३६. तो निर्दोष होता हे न्यायालयाने मान्य केले ते २००६ साली. त्या विद्यापीठात पहिल्या काळ्या विद्यार्थिनी शिरल्या त्या १९६५ मध्ये.

उपासकांनो, इथे थोडे थांबा. ज्या संस्थेने आपल्या माणसाला दारात उभे केले नाही, तिलाच आपल्या हयातीची कमाई द्यायची? मला वाटते, हे दान त्या इमारतीला नव्हतेच. दार आता उघडले आहे, तर आपली मुले पैशाअभावी उंबऱ्यावर अडकू नयेत, एवढे त्या बाईंना कळत होते. पूर्वी आम्हाला तिथे जाता येत नव्हते, आता येते, असे त्यांनी साधेपणाने सांगितले होते. त्यात कडवटपणा नव्हता आणि विसरही नव्हता. मैत्री आणि स्मृती एका ठिकाणी नांदू शकतात हे मला त्यांच्याकडे पाहून पटले.

सत्पुरुषाच्या दानाची लक्षणे सुत्तात आली आहेत. तो श्रद्धेने देतो, आदराने देतो, योग्य वेळी देतो, मोकळ्या मनाने देतो, आणि स्वतःला वा दुसऱ्याला इजा न करता देतो. शेवटच्या लक्षणावर आपण फारसे बोलत नाही. ओट्यावरून टाकलेल्या जोंधळ्यांनी इजाच होत होती. ओसिओलाबाईंच्या शिष्यवृत्तीने कोणाची मान खाली गेली नाही. ज्या मुलीला पहिली एक हजार डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली, तिच्या घरच्यांनी या म्हाताऱ्या बाईंना आजीसारखेच मानले. बाईंनी इमारतीवर नाव मागितले नाही. आपल्या पैशांवर शिकलेले एखादे लेकरू पदवी घेताना मला पाहू द्या, एवढीच इच्छा त्यांनी बोलून दाखविली. हे पैसे स्वतःवर का नाही खर्च केलेत, असे विचारणाऱ्यांना त्या म्हणत की मी स्वतःवरच तर खर्च करते आहे. पुढे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना पदक दिले, १९९६ साली हार्वर्ड विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. शेकडो लोकांनी त्या निधीत आपली भर घातली. २६ सप्टेंबर १९९९ रोजी त्या गेल्या.

बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला शिकायला गेले ते सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. त्या उपकाराची जाणीव आपण ठेवतो आणि ठेवलीच पाहिजे. राजाचे दान आपल्या लक्षात राहते. धुणेवालीचे राहत नाही. इथे मला स्वतःचा एक कबुलीजबाब द्यायचा आहे.

माझी आई चार घरची धुणीभांडी करी. त्या पैशांवर मी शिकले. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. महाविद्यालयात शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना 'आईचा व्यवसाय' असा रकाना आला, आणि मागे रांगेत मैत्रिणी उभ्या होत्या म्हणून मी तिथे 'गृहिणी' असे लिहिले. आईला वाचता येत नाही. घरी आल्यावर तिने विचारले, कुठे सही? मी बोट ठेवले, आणि त्या खोट्याखाली तिने अंगठा उठवला. कोणी काही विचारले नाही. शिष्यवृत्ती मिळाली. गेली कित्येक वर्षे मी शिष्यवृत्तीचे अर्ज दुसऱ्या मुलांकडून भरून घेते आणि तो रकाना आला की माझा हात अजून थबकतो. वर्गातली एखादी मुलगी माझ्याकडे चोरून बघते, काय लिहू म्हणून. ती का बघते ते मला ठाऊक असते.

मागच्या वर्षी आमच्या वस्तीतल्या बायांनी विहारात स्टीलचा एक डबा ठेवला. दर पौर्णिमेला वंदनेनंतर ज्याला जमेल त्याने टाकावे, आणि त्यातून मुलांच्या परीक्षेची फी, पुस्तके व्हावीत. रक्कम वाढली तसा समितीत वाद सुरू झाला. पाच हजारांवर देणाऱ्यांची नावे संगमरवरावर कोरावीत असे काही सभासदांचे म्हणणे. मी विरोध केला, आणि विरोध करताना आवाज जरा जास्तच चढला, हेही सांगितले पाहिजे. पाच हजार देणारा वाईट नव्हे. पण वीस रुपये टाकणारी बाई ती पाटी रोज पाहील आणि पुढच्या पौर्णिमेला डब्याकडे जायला लाजेल. वाद अजून मिटलेला नाही. पाटीही लागलेली नाही.

त्या डब्यातून पहिली फी भरली गेली ती एका मुलाच्या तंत्रनिकेतनाच्या प्रवेशाची. आईने डब्यात किती टाकले ते तिने मला सांगितले नाही, मी विचारले नाही. महिने गेले. परवा मी शाळेतून उशिरा आले, डोक्यात दुसरेच काहीतरी होते. आई दारात बसली होती. तिने एवढेच विचारले, "त्या पोराचा निकाल लागला का गं?"

लागला, पास झाला, असे मी म्हणाले. तिने "बरं झालं" म्हटले आणि आत चहा ठेवायला गेली.