सोबत कोण आलंय?

सरकारी रुग्णालयात गरोदर बाईचा केसपेपर निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "सोबत कोण आलंय?" मग सिस्टर विचारतात, आईला बीपी होतं का, साखर होती का, आईची बाळंतपणं कशी झाली. बालगृहात वाढलेली मुलगी इथंच अडते. तीनदा 'माहीत नाही' म्हणून झालं, मागे रांग खोळंबली, की चौथ्या प्रश्नाला ती 'नाही' म्हणून मोकळी होते. कार्डावर 'नाही' चढतं. आईला किंवा बहिणीला गरोदरपणात रक्तदाब वाढून त्रास झाला असेल तर तिलाही धोका जास्त असतो. त्यामुळे प्रामाणिक 'माहीत नाही' पाहून डॉक्टर सावध तरी झाले असते. साखरेचं एक बरं आहे. 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त बघायची तपासणी सगळ्याच गरोदर बायांची करायची असते, तिथं आईचा इतिहास लागत नाही. रक्तदाबही प्रत्येक खेपेला मोजतात. पण खेप चुकली तर?

आपल्याकडे खेप चुकू न देणारी व्यवस्था म्हणजे माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात ओटी भरून लेक आणायची, ही नुसती हौस नव्हे. लोहाच्या 180 गोळ्या सरकार फुकट देतं. त्या खाल्ल्या की मळमळतं, शौचाला काळं होतं, मग पोरी त्या डब्यात टाकून ठेवतात. "आज गोळी घेतलीस का गं?" असं रोज टोकणारी बाई कुठल्याही योजनेत मिळत नाही. पाय सुजले, डोकं ठणकतंय, तर 'दवाखान्यात चल' म्हणणारीही तीच. आणि नंतर सव्वा महिना बाळंतिणीला हातावर झेलणारीही.

संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलीला कायद्याने काहीच दिलेलं नाही, असं नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यातलं 46 वं कलम अठरा पूर्ण झालेल्यांच्या अनुरक्षणासाठी, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या मदतीसाठी आहे. ही मदत साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंत मिळते. मिशन वात्सल्यमध्ये त्यासाठी महिना 4000 रुपये ठेवलेत. पण ही सगळी मोजणी वयाची. मुलीचं लग्न झालं की संस्थेच्या लेखी ती 'मार्गी लागली'. (या शब्दावर माझा राग आहे.) दोन वर्षांनी तिला दिवस जातात, तेव्हा तिचं नाव कुठल्याच वहीत नसतं.

अमेरिकेत इलिनॉय, विस्कॉन्सिन आणि आयोवा या तीन राज्यांत पालक-कुटुंबांत व संस्थांत वाढलेल्या मुलामुलींचा संशोधक मार्क कोर्टनी आणि सहकाऱ्यांनी बरीच वर्षं मागोवा घेतला. एकोणिसाव्या वर्षापर्यंत त्यातल्या जवळजवळ निम्म्या मुलींना एकदा तरी दिवस गेले होते. इतर मुलींमध्ये हे प्रमाण पाचात एक. त्याचं खापर लैंगिक शिक्षणाच्या अभावावर फोडणं सोपं आहे. पण आपलं म्हणावं असं एक तरी माणूस हवं, या भुकेवर शाळेतला तास काय करणार? आपल्याकडची परिस्थिती वेगळी, मुली बहुधा लग्नाच्या वाटेने आईपणाला पोचतात. भूक मात्र तीच.

ही जबाबदारी कुणाची, याचं उत्तर पुण्यात 1863 साली देऊन झालंय. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते फसवल्या गेलेल्या गरोदर विधवांसाठी, ज्यांना माहेराचं दार बंद होतं. तिथं सावित्रीबाईंनी स्वतः बाळंतपणं निस्तरली. तिथंच जन्मलेला काशीबाई या विधवेचा मुलगा, यशवंत, फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. त्या घराने बाईचं वय विचारून मदत थांबवली नसती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की अनुरक्षणाचा हिशेब वाढदिवसापाशी मिटवू नये. पहिल्या बाळंतपणापुरता तो पुन्हा उघडावा, मुलगी तेवीसची असो की सव्वीसची. संस्थेतली एक ताई तिच्यासोबत तपासणीला जावी, दवाखान्यातल्या संमतीच्या सहीच्या वेळी हजर असावी, आणि तिला सव्वा महिना टेकायला एक खोली असावी. लहानपणीच्या आजारांची, लसींची, रक्तगटाची फाइल संस्थेच्या कपाटात असतेच. ती निघताना मुलीच्या हातात द्यायला तर पैसेही लागत नाहीत.

यंदा फराळाचे डबे घेऊन जवळच्या बालगृहात जाल, तेव्हा अधीक्षिकाबाईंना एक विचारा: इथून लग्न होऊन गेलेल्या मुलींपैकी बाळंतपणाला परत कोण आली होती?