उंबऱ्यापलीकडचे पाणी

आमच्या गावी घरोघर नळ आला, तेव्हा आईने त्याला हळदकुंकू वाहिले. तोवर आमच्याकडे पाण्याला मोजमाप असे. आडावरून कमरेवर घागर आणणाऱ्या बाईला पाण्याचे वजन कोणी शिकवावे लागत नाही. तांदळाचे धुवण गाईच्या बादलीत जाई, न्हाणीचे पाणी परसातल्या अळवाला आणि केळीला मिळे. सांडपाणी हा शब्द भाषेत होता खरा. पण सांडायला पाणीच फारसे नव्हते.

नळाने हे सारे पालटले. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी धरले. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के पुन्हा बाहेर पडते, असा जाणकारांचा हिशेब आहे. म्हणजे पाच माणसांच्या घरातून रोज २२० लिटर! आम्ही अळू-केळी उपटून तिथे फरशीची न्हाणी बांधली आणि भिंतीतून एक पाइप गल्लीत सोडून दिला.

२०२२ सालच्या नरकचतुर्दशीला पहाटे उटणी लावून आम्ही सातजण एकामागून एक न्हालो. उजाडल्यावर फराळाचे ताट घेऊन मी खालच्या अंगाला राहणाऱ्या काकूंकडे गेलो. त्यांच्या दारात रांगोळी नव्हती. रांगोळीचे रंग तेवढे होते, आणि ते साबणाच्या फेसाबरोबर हळूहळू पुढे चालले होते. काकूंनी ताट घेतले, वरचा रुमाल सारखा केला आणि विचारले, “झाल्या का सगळ्यांच्या आंघोळी?”

भांडल्या असत्या तर बरे झाले असते. भांडणाला उत्तर देता येते.

मी माझी बाजू मनाशी मांडून पाहिली. आम्ही मुद्दाम काही केले नव्हते. गल्ली पंचायतीची, उतार निसर्गाचा! पण हा उतारही वाटतो तितका निरपराध नाही. काकूंच्या घराखाली जी वस्ती आहे, ती तिथे का आहे, हे गावातले शेंबडे पोरही सांगेल. महाडच्या तळ्यातले ओंजळभर पाणी घेण्यासाठी १९२७ साली बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. स्वच्छ पाण्याला असा पहारा ठेवणाऱ्या आपल्या गावांनी घाण पाण्याला मात्र खालच्या वस्तीत जायला कधी मज्जाव केला नाही. नळाचे पाणी ‘आमचे’ आणि न्हाणीबाहेर पडताच तेच ‘गावाचे’, हा मालकीहक्क मोठा सोयीचा आहे. वस्तू टाकली की तिच्याशी असलेले नातेही टाकता येते का?

त्या थंडीत आम्ही शोषखड्डा खणायला घेतला. काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जावे लागते. तळाशी मोठे दगड, वर लहान, आणि आधी एक छोटे टाके, ज्यात तेलकट मळी अडते. दगडांवर वाढणारे सूक्ष्म जंतू घाण खातात आणि पाणी जमिनीत मुरते. डबके उरत नाही, म्हणून हत्तीरोग पसरवणाऱ्या क्युलेक्स डासांचीही तिथे सोय होत नाही.

सोयीची जागा होती पूर्वेच्या कुंपणाशी. गवंडी फावडे मारणार, एवढ्यात आई म्हणाली, “पलीकडं त्यांचा आड आहे रे.” मी चपापलो. पाणी दिसेनासे होणार, म्हणजे प्रश्न मिटला, असेच मी धरून चाललो होतो! मग मोटारसायकलची पडवी मोडून खड्डा पश्चिमेला नेला.

टाक्यातली मळी दर आठवड्याला काढावी लागते. हे काम माझ्याकडे आहे. पहिल्या रविवारी वास सहन होईना, तेव्हा पैसे देऊन कोणाला तरी बोलवावे, असे मनात आले. ‘कोणाला तरी’ म्हणजे कोणाला, हे लगेच डोळ्यांपुढे आले आणि मीच बाही वर सारली. अजूनही ते काम मला आवडत नाही.

खड्ड्याच्या कडेला आईने पुन्हा अळू लावले. पहिली पाने घेऊन मी काकूंकडे गेलो. त्यांनी एक पान उलटून पाहिले.

“आमच्या दारावरून जायचं, तेच पाणी का हे?”

मी हो म्हणालो. त्यांनी चिंच भिजत घातली आणि पानांच्या शिरा काढायला बसल्या.