अभावाची साक्ष

एखादी वस्तू आपल्याला आढळली नाही, एवढ्यावरून ती नाहीच असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला केव्हा प्राप्त होतो, हा प्रश्न भारतीय दर्शनकारांनी शतकानुशतके चालवला. कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी अनुपलब्धीला, म्हणजे वस्तूच्या न आढळण्याला, सहावे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले. नैयायिकांनी अभाव मान्य केला, परंतु तो प्रत्यक्षानेच कळतो, त्यासाठी निराळ्या प्रमाणाची तजवीज नको, असा कौल दिला. प्राभाकरांनी तर अभाव नावाचा निराळा पदार्थच नाकारला. या साऱ्या वादात मला सर्वांत मोलाची वाटते ती योग्यतेची अट. वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती, अशी सर्व सामग्री, म्हणजे उजेड, निर्दोष डोळा आणि मधली मोकळी जागा, सिद्ध असेल तरच तिचे न दिसणे हा पुरावा ठरतो. काळोखात घट दिसला नाही, यावरून घटाविषयी काहीच ठरत नाही. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी हाच भेद अधिक काटेकोरपणे मांडला: जे दृश्य होण्यास पात्र आहे त्याच्या अनुपलब्धीने अभावाचा निश्चय होतो, जे देशाने, कालाने किंवा स्वभावानेच आपल्या आवाक्यापलीकडचे आहे त्याच्या अनुपलब्धीने केवळ संशय उरतो.

ही अट ग्रंथातच राहावी इतकी दूरची नाही. समजा, लोणावळ्याच्या एखाद्या विद्यार्थ्याने प्राणायामातील श्वासाचा दाब मोजण्यासाठी एक दाबसंवेदक आणि अ‍ॅटमेगा ८ हा मायक्रोकंट्रोलर घेऊन घरीच एक यूएसबी उपकरण जुळवले. या चिपमध्ये यूएसबीचे स्वतंत्र मंडल नाही, म्हणून व्हिएन्नाच्या ऑब्जेक्टिव्ह डेव्हलपमेंट या संस्थेने रचलेला व्ही-यूएसबी हा प्रोग्राम ते काम निव्वळ आज्ञावलीच्या बळावर करतो. उपकरण संगणकाला जोडले, त्यावरचा दिवा लागला, आणि संगणक मात्र जणू काही घडलेच नाही असा स्तब्ध राहिला. आता विद्यार्थी प्रोग्राम पुन्हा लिहू लागतो, चिप बदलतो, आणि त्यात त्याची रात्र जाते. वास्तविक त्याने प्रथम विचारावयास हवे ते हे, की उपकरण निर्दोष असते तर या मांडणीत ते संगणकाला दिसले असते काय? संगणकाला नव्या उपकरणाची वर्दी मिळते ती फार साध्या खुणेवरून: दोन डेटा तारांपैकी एक तार दीड किलोओहमच्या रोधकातून ३.३ व्होल्टकडे ओढलेली असते. सेकंदाला १५ लाख बिट्‌सच्या मंद गतीसाठी ती ऋण तार असते, १ कोटी २० लाखांच्या गतीसाठी धन तार. मोबाइल चार्ज करण्यासाठी मिळणाऱ्या कित्येक स्वस्त केबलींत या दोन्ही तारा नसतातच. पाच व्होल्ट पोहोचतात, दिवा लागतो, आणि खूण मात्र मधेच खुंटते. अशा केबलीतून आलेले मौन हे काळोखातल्या घटाच्या जातीचे आहे. त्याच केबलीने दुसरे, चालू असल्याची खात्री असलेले उपकरण जोडून पाहिल्यावाचून त्या मौनाला साक्षीदार म्हणून उभे करता येत नाही.

केबल बदलली की मौनाची जात पालटते. संगणक आता म्हणतो की कोणीतरी आले आहे, पण ओळख पटत नाही. या अपयशातही ज्ञान आहे: रोधक जागेवर आहे, तार अखंड आहे, संगणकाने दोन्ही तारा किमान १० मिलिसेकंद खाली धरून उपकरणाला पूर्वस्थितीत आणले आहे, आणि शून्य या तात्पुरत्या पत्त्यावर त्याची १८ बाइट्सची मूळ कैफियत मागितली आहे, तीच काय ती आलेली नाही, किंवा विकृत होऊन आली आहे. हे का, याचा शोध घेताना विद्यार्थी मल्टिमीटर हाती घेतो आणि व्होल्टेज यथास्थित पाहून चक्रावतो. परंतु मंद गतीचा एक बिट एका मायक्रोसेकंदाच्या दोन तृतीयांश एवढाच टिकतो, आणि मल्टिमीटर सरासरी सांगतो. त्याला जे दिसत नाही ते नाही असे मानणे हा अयोग्य साक्षीवर दिलेला निवाडा होय. कदाचित बुधवार पेठेतून आणलेले झेनर डायोड अर्ध्या वॉटऐवजी एक वॉटचे असतील, त्यांच्या अधिक धारितेने संकेताच्या कडा बोथट झाल्या असतील. ते ऑसिलोस्कोपवरच दिसेल. कदाचित चिप कारखान्यातून आली तशीच, आपल्या अंतर्गत १ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर, चालत असेल आणि बाहेर लावलेल्या १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलकडे तिने पाहिलेही नसेल. दिवा तेव्हाही लुकलुकतो, केवळ बारापट संथ. त्याचे लुकलुकणे प्रोग्राम जिवंत असल्याचे सांगते. कालमापनाच्या अचूकतेविषयी ते काही सांगू शकत नाही, आणि सारा दोष नेमका तेथेच असतो.

याच लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले, याचे स्मरण येथे अप्रस्तुत नाही. नौलीच्या क्रियेत मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो, हे त्यांनी दाबमापकाने दाखवले, आणि बस्तीमध्ये पाणी वर का ओढले जाते याचा उलगडा केला. त्या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचे, मालसरच्या माधवदासजींचे, नाव दिले. या कार्याविषयी माझ्या मनात जो आदर आहे तो केवळ त्यांनी योगाला प्रयोगशाळेत नेले म्हणून नव्हे. दाबमापक ज्याचे उत्तर देण्यास पात्र होता तेवढाच प्रश्न त्यांनी त्याला विचारला, म्हणून तो आदर आहे.

या पात्रतेचा सर्वांत बोलका दाखला हृदयाचा आहे. योगी आपले हृदय थांबवू शकतो ही श्रद्धा जुनी. १९३५ साली तेरेझ ब्रॉस या फ्रेंच वैद्यक संशोधिकेने हृदयालेखाचे यंत्र भारतात आणले, एका जोडणीत आलेख जवळजवळ लोपलेला दिसला, आणि त्या श्रद्धेला यंत्राचा आधार मिळाल्यासारखे झाले. पुढे वेंगर, बागची आणि दिल्लीचे आनंद यांनी हा दावा पुन्हा तपासला आणि १९६१ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. छाती-पोटाचे स्नायू आवळून श्वास रोखल्यावर मनगटावरची नाडी लागेना, हृदयाचे ध्वनी ऐकू येईनात. विद्युत्-आलेखात मात्र हृदय आपले काम करीतच होते. छातीतील दाब वाढून परतणाऱ्या रक्ताची वाट अडत होती, एवढाच त्याचा अर्थ. मनगटावरचे बोट या प्रश्नाला योग्य साक्षीदार नव्हते. मला वाटते, या निष्कर्षाने योगाची काहीच हानी झाली नाही. एक दृश्य विधान दृश्याच्या कसोटीवर निकालात निघाले.

प्राणाविषयीचा वाद मात्र आजही उभयपक्षी अयोग्य साक्षीवर चालतो, याचे मला दुःख होते. कोणत्याही यंत्रात प्राण आढळला नाही, सबब तो नाही, असे म्हणणाऱ्याने प्राण असता तर त्या यंत्रात कोणते चिन्ह उमटले असते हे दाखवलेले नसते. आणि तो सूक्ष्म आहे म्हणूनच आढळत नाही, असे म्हणणारा श्रद्धाळू धर्मकीर्तींच्या संशयालाच निश्चयाचा दर्जा देतो. पहिला रिकाम्या केबलीवर विसंबतो आणि दुसरा ती बदलू देत नाही. विधाने एकेक करून वेगळी केली पाहिजेत. सूर्यभेदनाने देहात उष्णता वाढते, हे परंपरेचे म्हणणे आहे. ते तापमापकापुढे उभे करता येते, आणि वाढ न आढळल्यास ते त्या मर्यादेत खोटे ठरवताही येते. नाडीशुद्धीच्या विधानाचे तसे करता येईल की नाही, हे ती घडली असता देहात काय आढळावे ते साधकाने प्रयोगापूर्वी लिहून दिल्यावरच ठरेल.