क्षमा कोणी करायची?

वाचकहो, शाळेत दोन मुले भांडली आणि एकाची पाटी फुटली, तर ज्याची पाटी फुटली तो “जाऊ द्या गुरुजी” म्हणाला की भांडण तिथेच मिटते. परंतु शाळेची घंटाच कोणी पळवली तर “जाऊ द्या” कोण म्हणणार? घंटा सर्वांची, म्हणून क्षमा करण्यास कोणीच पुढे येत नाही. हा प्रश्न पोरकट वाटेल, पण थोरामोठ्यांच्या न्यायातही तो पदोपदी उभा राहतो. आज कतार देशाचे उदाहरण घेऊन त्याचा विचार करू.

कतार देश लहान, पण पोटापाण्यासाठी तेथे लाखो भारतीय राहतात आणि त्यांत महाराष्ट्रातले लोकही पुष्कळ आहेत. तेथे सरकारी वकिलांच्या कचेरीला ‘नियाबा आम्मा’ म्हणतात. 2002 च्या कायद्याने तिची घडी बसवली. आपल्याकडे भारतात तपास पोलीस करतात आणि सरकारी वकील कोर्टात बाजू मांडतो. कतारमध्ये ही कचेरी स्वतःही तपास करते. आरोपीला प्रश्न विचारणे, कोठडीचा हुकूम काढणे, खटला भरायचा की नाही हे ठरवणे, हे सर्व तिच्या हाती असते. म्हणजे माणसाचे नशीब कोर्टाच्या पायरीआधी याच मेजावर बरेचसे ठरते.

या मेजावर येणारी प्रकरणे एकसारखी नसतात. पहिला प्रकार न वटलेल्या चेकचा. 2004 च्या दंडसंहितेत त्यासाठी तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. धंदा बुडाला, पगार थकला, आणि सहीचा चेक सावकाराच्या हाती राहिला, असे कितीतरी परदेशी लोक या कलमात सापडले. परंतु येथे तक्रारदार समोर असतो. पैसे भरले, तडजोड झाली आणि त्याने तक्रार मागे घेतली की फौजदारी प्रकरण बहुधा तिथेच संपते. ही झाली पाटी फुटल्याची गोष्ट.

दुसरा प्रकार मनुष्यहत्येचा. खुनाला तेथे देहदंड आहे, परंतु मृताच्या वारसांनी क्षमा केली किंवा ‘दिया’ म्हणजे रक्तमूल्य स्वीकारले तर फाशी टळू शकते. अपघाती मृत्यूसाठी 2008 च्या कायद्याने ही रक्कम दोन लाख रियाल ठरवली. येथे आपल्या मनात खळबळ होते, कारण आपल्या तोराने खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेण्यास स्पष्ट मनाई केली आहे. श्रीमंताने पैसे मोजून सुटावे आणि गरिबाने मरावे, ही भीती त्यामागे आहे आणि ती खरी आहे. तरीही दुसरी बाजू पाहावी. ज्या आईचा मुलगा गेला, तिला आपल्या कोर्टात साक्षीदारापलीकडे फारशी किंमत नसते. तेथे निदान तिला विचारतात.

तिसरा प्रकार मात्र घंटेसारखा. जुलै 2019 मध्ये मुंबईचे एक तरुण जोडपे दोह्याच्या विमानतळावर पकडले गेले. सामानात चार किलोहून अधिक चरस सापडला. सहल एका नातलग बाईने भेट दिली होती आणि सोबत एक पुडके दिले होते. दोघांना दहा-दहा वर्षांची कैद आणि प्रत्येकी तीन लाख रियाल दंड झाला. बाई गरोदर होती. फेब्रुवारी 2020 मध्ये तिने तुरुंगातच मुलीला जन्म दिला.

आता विचार करा, या दोघांना क्षमा कोण करणार? येथे ना सावकार, ना मृताचा वारस. अपराध सर्व समाजाविरुद्ध, म्हणून दया मागायला दारच नाही. आणि पुरावा तर इतका सोपा की बॅग तुमची, माल बॅगेत. दोघांना माहीत होते काय, हा एकच प्रश्न उरतो, आणि नेमका तोच पहिल्या निकालात मागे पडला. मुंबईत घरच्यांनी धावपळ केली, भारताच्या अमली पदार्थ विरोधी खात्याने तपास केला आणि जोडप्याला फसवले गेले होते असे निघाले. जानेवारी 2021 मध्ये कतारच्या सर्वोच्च कोर्टाने फेरसुनावणीचा हुकूम दिला. 29 मार्च 2021 रोजी दोघे निर्दोष सुटले आणि एप्रिलमध्ये मुलीला घेऊन मुंबईस परतले.

चौथा प्रकार राज्याच्या सुरक्षेचा. ऑगस्ट 2022 मध्ये भारतीय नौदलाच्या आठ माजी लोकांना तेथे अटक झाली. आरोप अधिकृतपणे जाहीर झाले नाहीत. ऑक्टोबर 2023 मध्ये देहदंड झाला, डिसेंबरमध्ये अपील कोर्टाने तो कमी केला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सात जण मायदेशी परतले. त्यांच्या सुटकेबद्दल भारत सरकारने अमीरांचे आभार मानले. येथे क्षमेचे दार होते, पण ते राजवाड्याचे. तेथवर पोचण्यास पाठीशी एक सरकार असावे लागते.

म्हणून माझे म्हणणे असे. जेथे अन्याय झालेला माणूस समोर आहे, तेथे कायदा थोडा घाईत चुकला तरी त्या माणसाची दया चूक सावरू शकते. जेथे क्षमा करणारा कोणीच नाही, तेथे चूक सावरणारा तपास करणाऱ्याखेरीज दुसरा कोण? अशा ठिकाणी कचेरीने सर्वांत जास्त धीर धरला पाहिजे. व्यवहारात उलटेच घडते. माल हाती लागला की काम झाले असे वाटते, कारण रडणारा फिर्यादी दारात नसतो, आणि आरोपीचे रडणे सर्वांना ढोंग वाटते. हा दोष एका कतारचा नाही. मुंबई, तेल अवीव, कोठेही हेच घडू शकते.

कोणी म्हणेल, असा धीर धरला तर खरे तस्कर सुटतील. काही सुटतीलही. परंतु “याला माहीत होते का?” हे विचारणे म्हणजे दया नव्हे, तो न्यायाचाच पहिला धडा आहे. दया नंतरची गोष्ट.

आणि आपण सामान्यांनी काय करावे? कोऱ्या चेकवर सही करू नये, आणि नातलगाने दिले तरी बंद पुडके उघडून पाहिल्याशिवाय बॅगेत ठेवू नये. नातलग रागावेल खरा, पण त्याची समजूत घरी काढता येते.