हार्लेममधले रविवार

नगर, जालना, कोल्हापूरकडचा एखादा मुलगा परदेशातल्या सेमिनरीत शिकायला गेला, की पहिल्याच सत्रात त्याची दमछाक सुरू होते. सकाळी हिब्रूची क्रियापदं, दुपारी ख्रिस्ती मंडळीचा इतिहास, रात्री न संपणारं वाचन. त्यात क्वायरवाले बोलावतात, वसतिगृहातली प्रार्थनासभा असते आणि आसपासची प्रत्येक मंडळी ‘भारतातून आलेला भाऊ’ म्हणून साक्ष द्यायला हक्कानं बोलावते. नाही म्हणणं जड जातं. त्यांनी जेवू घातलेलं असतं, थंडीचा कोट दिलेला असतो. मग शनिवारी प्रवास, रविवारी भाषण आणि सोमवारी हातात अर्धवट निबंध.

अशा मुलांचा विचार करताना मला जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर आठवतो. १९३० साली तो जर्मनीहून न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत एका वर्षासाठी आला, तेव्हा चोवीस वर्षांचा होता. एकविसाव्या वर्षीच त्याचा डॉक्टरेटचा प्रबंध झालेला होता. त्यामुळे त्याच्याकडे मोकळा वेळ होता, हे मान्य करायला हवं. हिब्रूची मुळाक्षरं गिरवणाऱ्यानं त्याच्याशी तासांची बरोबरी करू नये. पण हाताशी असलेल्या वेळाचं त्यानं काय केलं, ते मात्र बघण्यासारखं आहे.

फ्रँक फिशर नावाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी त्याच्याबरोबर शिकत होता. तो त्याला हार्लेममधल्या अ‍ॅबिसिनियन बाप्टिस्ट चर्चमध्ये घेऊन गेला. महामंदीचा हिवाळा होता. पाळक अ‍ॅडम क्लेटन पॉवेल यांच्या पुढाकारानं चर्चनं भुकेल्यांसाठी मोफत जेवण सुरू केलं होतं. बोनहोफर तिथे पाहुणा म्हणून एकदा बोलून परतला नाही. तो पुन्हा पुन्हा गेला, संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवू लागला, त्या वस्तीतल्या घरांत त्याची ये-जा सुरू झाली. न्यूयॉर्क शहरात व्यासपीठांची काय वाण होती! तरी तो त्या एकाच मंडळीत रमला.

मला मोलाची वाटते ती ही गोष्ट. दहा ठिकाणी एकेकदा जाणारा विद्यार्थी दहाही ठिकाणी तेच भाषण देतो. टाळ्या मिळतात, ओळखी होतात, पण त्याला शिकवून जाईल असं कुणी भेटत नाही. एकाच मंडळीत वर्षभर बसणाऱ्याला तिथल्या आजीबाईंचं दुखणंखुपणं कळतं, कुणाची नोकरी गेली ते कळतं, आणि सोमवारी वर्गात दुःखाविषयीचा धडा उघडला की समोर माणसं उभी राहतात. तेव्हा अभ्यास आणि सेवा एकमेकांच्या वाट्याचा वेळ खात नाहीत.

बोनहोफर १९३१ मध्ये मायदेशी परतला. बर्लिन विद्यापीठात शिकवता शिकवता त्यानं कामगारवस्तीतल्या दंगेखोर मुलांचा दृढीकरणाचा वर्ग अंगावर घेतला, आणि त्या मुलांना कधीही येता यावं म्हणून त्याच भागात खोली भाड्यानं घेतली. पुढे १९३५ साली फिंकेनवाल्डे इथे तो स्वतःच एका सेमिनरीचा प्रमुख झाला, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांना त्यानं न्यूयॉर्कहून आणलेल्या ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकवल्या. त्यांत हार्लेमच्या चर्चमध्ये कानावर पडलेली कृष्णवर्णीयांची भक्तिगीतं होती. गुणपत्रिकेत ज्याची कुठेच नोंद नव्हती, ते असं वर्गात शिरलं.

म्हणून परदेशी गेलेल्या आपल्या मुलांनी एकच मंडळी धरावी, रविवार तिला द्यावा आणि बाकीच्यांना नम्रपणे नाही म्हणावं, असं मला मनापासून वाटतं. क्वायर आवडत असेल तर तेही त्याच मंडळीतलं. आठवड्याचे उरलेले दिवस वाचनालयाचे. त्यात संकोच कसला? देवाच्या वचनाचा नीट अभ्यास हीसुद्धा सेवाच आहे, आणि त्यासाठीच तर इकडच्या घरादारानं पदरमोड करून त्यांना पाठवलेलं असतं. आपणही फोनवर ‘कुठे कुठे संदेश दिलास?’ एवढंच विचारू नये. तिथल्या मंडळीतल्या कुणाकुणाची नावं त्याला ठाऊक झाली, हे विचारावं. आणि सोमवारी परीक्षा असेल तर फोन लवकर ठेवावा.