बासरीला चेहरा कुणाचा?

नवापूरच्या स्टेशन रोडला माझं मोबाईलचं दुकान आहे. मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचा धंदा जोरात होता, तेव्हाची गोष्ट. 2013 साली 'स्टार प्लस'वर 'महाभारत' लागलं आणि गिऱ्हाईक एकच मागू लागलं : "शेठ, ती कृष्णाची बासरी टाका. गाणं नको, नुसती धून." मागणारे मराठी, गुजराती, मावची, सगळेच. आमचं स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. शब्दच नाहीत म्हटल्यावर भाषेचा प्रश्न मिटला.

दुकानात बसायला येणारे एक निवृत्त गुरुजी म्हणायचे, "शब्द गेले की सगुण संपलं. उरतो तो निर्गुण नाद." ऐकायला भारदस्त, पण मला पटेना. ती धून वाजली की मला दिसतो नितीश भारद्वाज, म्हणजे 1988 च्या 'महाभारता'तला, दुसऱ्याच मालिकेतला कृष्ण! माझ्या मुलाला सौरभ राज जैन दिसतो. पार्श्वसंगीत शिवलेलंच असतं प्रसंगाच्या मापाने. प्रसंग काढून घेतला तरी अंगातून उतरवलेल्या सदऱ्यासारखा कोपराचा बाक राहतोच. देवगिरीच्या दरबारी 'संगीतरत्नाकर' लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने वाद्याला गीताच्या मागे चालायला लावलं. टीव्हीने त्याला चेहऱ्यामागे लावलं, एवढाच फरक.

मार्गशीर्षात इकडची कोकणी आदिवासी मंडळी डोंगऱ्यादेवाचा उत्सव करतात. तिथे मूर्ती नाही. डोंगर हाच देव. गाल फुगवून भोपळ्याची पावरी वाजवणारा मधेच चाल बदलतो आणि कुणाच्या तरी अंगात वारं येतं. एकदा ज्याच्या आलं, तो दुपारीच माझ्याकडे चार्जरसाठी वीस रुपयांवरून घासाघीस करून गेला होता. पुढे दुकानात आला तेव्हा मी विचारलं, "तेव्हा दिसतं काय रे?"

"दिसत काहीच नाही, शेठ. वजन येतं."

गुरुजींचं निर्गुण म्हणजे वजाबाकी : शब्द वजा, चित्र वजा, उरेल ते. ह्याच्याकडे वजा काहीच झालेलं नव्हतं. उलट खांद्यावर कुणीतरी बसत होतं.

त्यालाही रिंगटोनला बासरीच हवी होती. मी म्हटलं, "पावरीच टाकून देतो की, माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे."

"नको," तो म्हणाला. "बस स्टँडवर फोन वाजला आणि देव आला, तर त्याला बसवू कुठे?"